दोन धक्क्यांच्या मधे

लग्न होऊन मी जोगेश्वरीला आले तेव्हा आमच्या चाळीमागच्या डोंगरात दगडाची खदान आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही. नवऱ्यानं सांगितलं, नळाला पाणी पहाटे येतं. सासूबाईंनी सांगितलं, रॉकेलची रांग कुठे लागते. शेजारणीनं सांगितलं, गुंफांकडच्या वाटेनं एकटी जाऊ नकोस. पण दुपारी भोंगा वाजतो आणि भोंग्यानंतर खदानीत सुरुंग उडतो, हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या कानांना ते रोजचं होतं. आणि मी पडले कोयनेकडची.

आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मोरीत केस धूत बसले होते. परकर छातीशी बांधलेला, डोळ्यांत शिकेकाई. भोंगा ऐकला मी, नाही असं नाही. पण मुंबईत कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा भोंगा वाजतच असणार, असं मला वाटलं. मग जमीन हादरली. फळीवरचे डबे खणखणले, पत्र्यावरून माती सांडली. मी विचारबिचार काही केलाच नाही. पाय आपोआप सुटले. तशीच ओलेती, केसांतून पाणी गळतंय, अंगणात जाऊन उभी राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "भायेर या! भूकंप झालाय, समदी भायेर या!"

अंगणात पुरुषमंडळी पत्ते खेळत बसली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन माना खाली घातल्या. एकानं तर हातातले पत्ते तोंडासमोर धरले. बायका दारादारांत आल्या. आधी एक पोरगं फिसकन हसलं आणि मग अख्खी चाळ हसली. मला कळेना, माणसं पळत का नाहीत? हसतात काय?

सासूबाई चादर घेऊन धावत आल्या. माझ्याभोवती गुंडाळून मला आत ओढत म्हणाल्या, "सुरुंग तो गो, खदानीतलो! रोजचोच आसा! आमची लाज काढलंस तू."

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला सासुरवाशीण समजून डोळे पुसायला नको. त्यांनी मला खाण्यापिण्याला कधी कमी केलं नाही, की माहेरावरून टोमणा मारला नाही. पण नवी सून ओल्या परकरानं पुरुषांच्या घोळक्यात जाऊन उभी राहते म्हणजे काय, हे त्यांनाही चाळीत राहून सोसायचंच होतं. त्या दिवसापासून मी नळावर गेले की पोरं ओरडायची, "कोयनेची गाडी सुटली!" मोठी माणसं पोरांना दटावायची आणि स्वतः गालातल्या गालात हसायची. नवरा रात्री समजूत घालायला लागला, "अगं, मुंबईत कुठे भूकंप होतो? एवढं काय मनावर घेतेस?" आणि बोलता बोलता तोही फसकन हसला. मी भिंतीकडे तोंड केलं. लाजेनं अंगाची नुसती लाही झाली होती.

मी का पळाले, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की माझी आई भूकंपात गेली. मागणी घालताना ते सांगितलेलं होतं. पुढचं कुणी विचारलं नाही.

आमच्या गावाकडे धरण भरल्यापासून जमीन बोलायला लागली होती. आधी लांबून गुडगुड यायची आणि मग पायाखाली थरथर. शिकलेली माणसं म्हणायची, धरणात पाणी साठलं म्हणून होतं. दुसरी शिकलेली माणसं म्हणायची, छे, त्याचा काही संबंध नाही. आमच्यातली म्हातारी माणसं म्हणायची, धरण पाणी पितंय. सुरुवातीला गुडगुड झाली की सगळं गाव पोरंबाळं काखोटीला मारून अंगणात यायचं. पण किती दिवस पळणार? हळूहळू माणसं कंटाळली. पळणारी माणसं कमी झाली आणि पळणाऱ्यांना हसणारी वाढली. शेवटी शेवटी आमच्या आळीत माझी आई तेवढी एकटी पळायची, मला आणि तान्ह्या भावाला घेऊन. एकदा अशीच भाकरी तव्यावर टाकून धावली आणि भाकरी जळली, तर शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. ते मला अजून आठवतं.

मोठा भूकंप झाला त्या पहाटे मला जाग आली ती खालून कुणी टकटक केल्यासारखं वाटून. अगदी हलकी. मी म्हटलं, "आये, उठ." ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "निज गं गप. रोजचंच हाय ते." तिला पळायचा कंटाळा आला होता, की हसतील म्हणून लाज वाटली, मला काही सांगता येणार नाही. मी हट्टी पोर होते. तशीच उठून दाराकडे गेले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि मागं दगडामातीची भिंत खाली बसली. आई आणि भाऊ दोघंही आतच राहिले.

असं असताना मी सुरुंगाला पळणार नाही तर काय करणार होते?

पण मी शिकले. लाज माणसाला काय वाटेल ते शिकवते. दुपारी भोंगा वाजला की मी स्वयंपाकघरात पाण्याच्या पितळी पिंपाला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. सुरुंग उडायचा, पिंपातल्या पाण्यावर बारीक बारीक गोल उमटायचे आणि लगेच विरून जायचे. मी पाण्याकडे बघत राहायची. भूकंपात पाणी असं करत नाही, ते थाळीत आमटी हलावी तसं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातं. मला ते ठाऊक होतं. मनाशी घोकायची, गोल आले म्हणजे सुरुंग, घाबरू नकोस. पाय पळायला बघायचे आणि मी ते जागच्या जागी दाबून धरायची. नंतर नंतर पिंप सोडूनसुद्धा उभी राहता यायला लागलं. मुलगा झाला, तो रांगायला लागला, चालायला लागला. सुरुंग उडाला की तो माझ्याकडे बघायचा, आणि मी हसून म्हणायची, "काही नाही रे, सुरुंग आहे." त्यालाही ते पाठ झालं. चाळीतलं माझं नाव मात्र काही पुसलं गेलं नाही. पाव्हणा आला की कुणीतरी ती ओल्या परकराची गोष्ट रंगवून सांगायचं, आणि मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी.

मुलगा चार वर्षांचा होता तेव्हाचे गणपती. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, पण मूळ मालवणकडचे. गावचा गणपती भाऊबंदांकडे आणि इथला आमच्याकडे. मूर्तीच्या डोक्यावर माटवी बांधलेली. माटवी म्हणजे छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचा घड, काकड्या, आंब्याचे टाळे, रानातली रंगीत फळं असं काय काय लटकवतात. ते बांधायचं काम माझं नव्हतं, पण बघायला मला फार आवडायचं. दुपारी सगळे नातेवाईक जमले होते. मुलुंडहून नणंदा, बोरिवलीहून दीर-जावा, आणि घाटकोपरहून सासऱ्यांचे थोरले भाऊ. दरवर्षी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस हात जोडून देवाला घरच्या अडीअडचणी मोठ्यानं सांगतं आणि प्रत्येक मागणीला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. आमच्या घाटावर ही पद्धत नाही, म्हणून मला तिचं सुरुवातीला हसू यायचं.

त्या दिवशी आरती संपली, झांजा खाली ठेवल्या. मी मुलाला मांडीवर घेऊन माटवीसमोर बसले होते. थोरल्या सासऱ्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वर्सान तुझी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धाकट्या दिराला नोकरीत कायम कर. धाकट्या नणंदेचं लग्न जमव. सासूबाईंचे गुडघे. असं एकेक चाललं होतं. मग त्यांनी डोळे किलकिले केले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. बहुतेक त्यांना सकाळीच कुणीतरी ती गोष्ट पुन्हा सांगितली असणार. मनापासून म्हणाले, चेष्टा अजिबात नव्हती त्यात, "आमच्या सुनेच्या मनात जा काय भ्या बसला असात, ता मुळासकट काढून टाक रे म्हाराजा!"

तेवढ्यात मला खालून टकटक जाणवली. मांडीखालच्या फरशीतून. अगदी हलकी, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी.

भोंगा वाजला नव्हता. खदान गणपतीसाठी बंद होती, मजूर सगळे सकाळपासून रस्त्यावर फिरताना मीच पाहिले होते. मला कळलं. शंका आली असं म्हणत नाही मी. कळलं. कोयनेची पहाट जशीच्या तशी अंगातून गेली आणि पाय सुटायला निघाले.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि म्हणताना सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. नणंदेनं पदर तोंडाला लावला. एक जाऊ दुसरीला कोपरानं ढोसत होती. देवाकडे माझी भीती काढायची मागणी झाली होती, घरभर माणसं त्याला हो म्हणाली होती, आणि आता मी पोराला उचलून सगळ्यांच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पळायचं? पुन्हा? सगळ्या भाऊबंदांसमोर?

मी बसून राहिले.

वेळ होता मला, हे महत्त्वाचं. थोरल्या सासऱ्यांनी पुढची मागणी सुरू केली, पोराबाळांना औक्ष दे म्हणून, ती पुरी झाली, तिच्यावर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" झालं, आणि मग माटवी हलायला लागली. नारळ, काकड्या, सुपारीचा घड, सगळं सावकाश एका बाजूला गेलं आणि सावकाश परत आलं. सुरुंगानं वस्तू खडखडतात, अशा झुलत नाहीत. समईतलं तेल वाटीच्या एका काठाला चढलं. मूर्तीच्या उजव्या हातावरचं जास्वंदीचं फूल घरंगळून खाली पडलं.

मुलगा वर बघत म्हणाला, "आई, फळं हलतायत."

मी त्याचा दंड घट्ट धरला आणि म्हटलं, "काही नाही रे. सुरुंग आहे."

त्याचं समाधान झालं. तो पुढच्या मागणीला सगळ्यांबरोबर बेंबीच्या देठापासून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

हलणं थांबलं. पत्र्याच्या बैठ्या चाळीत ते फार मोठं नव्हतंच. बऱ्याच जणांना तर फक्त माटवी हललेली दिसली आणि फूल पडलेलं दिसलं. आणि उजव्या बाजूचं फूल पडलं म्हणजे देवानं कौल दिला! थोरल्या सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघलात? मागणी केल्याबरोबर कौल दिल्यान! सून जाग्यावरसून हल्ली नाय!" सासूबाईंनी ते फूल उचलून माझ्या केसांत खोवलं. नणंदेनं पाठीवर थाप मारली, "वहिनी, झकास हां! गेली एकदाची तुझी गाडी यार्डात!" सगळे हसले आणि मीही हसले. दात दिसेपर्यंत हसले. पोराच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते, ते पदराआड लपवले.

संध्याकाळी नवऱ्यानं रेडिओ लावला. कोयना परिसरात भूकंपाचा धक्का, मुंबईतही जाणवला, उंच इमारतींतले लोक खाली आले. पाहुणे मोदकांवर ताव मारत होते, ते थांबले. थोरल्या सासऱ्यांनी माटवीकडे पाहिलं. मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली. मी वाढत होते, वाढतच राहिले.

पाहुणे गेल्यावर सासूबाई मोरीशी आल्या. मी भांडी घासत होते. त्या म्हणाल्या, "तुका कळला होता?"

"हो."

"मगे उठलंस कित्या नाय गो? पोर होता ना तुझ्या मांडयेर!"

काय सांगणार? त्यांनीच गुंडाळलेल्या त्या चादरीची मला लाज वाटली होती हे त्यांनाच कसं सांगायचं? मी राखेचा हात तसाच धरून म्हटलं, "सगळे हसले असते."

त्या खाली बसल्या आणि माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन स्वतःच घासायला लागल्या. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर ती परकराची गोष्ट सांगायची कुणाची टाप राहिली नाही.

माझी लाज मात्र गेली नाही, फक्त तिनं जागा बदलली. आधी पळाले म्हणून वाटायची, आता बसले म्हणून वाटायला लागली. आईचेच शब्द मी पोराला ऐकवले होते. निज गं गप, रोजचंच हाय. काही नाही रे, सुरुंग आहे. वेगळं काय होतं त्यात? ती बिचारी झोपेत म्हणाली. मी टक्क जागी होते.

गणपती विसर्जनानंतर खदान सुरू झाली. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तसं मी मुलाचा हात धरला आणि म्हटलं, चल, अंगणात. तो उठेचना. माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला. "काही नाही गं आई. सुरुंग आहे." माझ्याच सुरात म्हणाला. मी त्याला उचलून बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. रोज नेलं. चाळीतल्या पोरांना आयतंच मिळालं, कोयनेच्या गाडीला आता डबा लागलाय म्हणून. तो मोठा झाला तसा रडायचा, हात सोडवायचा, "आई, नको ना, सगळे हसतात," म्हणायचा. मी ओढून न्यायची. माझ्यापेक्षा उंच झाला तेव्हा त्यानं यायचं बंद केलं. मग मी एकटीच तुळशीपाशी जाऊन उभी राहायची, येड्यासारखी.

तो आठवीत असताना एकदा भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचत होता. मी तांदूळ निवडत होते. भूकंपाच्या लहरी. प्राथमिक लहरी वेगानं येतात, त्या आधी पोचतात, त्यांचा धक्का हलका असतो. दुय्यम लहरी मागून येतात आणि जमीन आडवी हलवतात, पडझड जास्त करून त्यांच्यामुळे होते. केंद्र जितकं लांब, तितका दोन्हींच्या पोचण्यात फरक जास्त.

"परत वाच," मी म्हटलं.

त्यानं वाचलं.

"म्हणजे केंद्र जवळ असलं तर?"

"तर दोन्ही लागोपाठ. वेळच नाही मिळत."

"आणि लांब असलं तर?"

"मग मिळतो ना थोडा. का गं?"

तांदूळ माझ्या हातातून सुपात पडत राहिले. आईला वेळच नव्हता. मी एकटी पोर, तरी जेमतेम उंबऱ्यात पाय पोचला होता. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, तू उठली का नाहीस, उठली का नाहीस. कुशीत तान्हं घेऊन ती उठली असती तरी उंबऱ्यापर्यंत पोचली नसती. मला मात्र वेळ मिळाला होता. गाऱ्हाण्यातली एक अख्खी मागणी आणि तिच्यावरचं "व्हय म्हाराजा." तेवढ्यात मी त्याला घेऊन अंगणात जाऊन उभी राहिले असते. तो सगळा वेळ मी लोकांकडे बघण्यात घालवला.

मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. आई, भाऊ, माटवी, सगळं. तो ऐकत होता.

"तुला माहीत होतं भूकंप आहे?"

"हो."

"आणि मला सुरुंग म्हणालीस?"

"हो."

"लोक हसतील म्हणून?"

मला मान वर करता येईना. "हो रे," मी म्हटलं.

तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार, पण खदान चालू होती. दुपारी भोंगा वाजला. अंगणात त्याचे मित्र क्रिकेट खेळत होते आणि त्याच्या हातात बॅट होती. मी नेहमीसारखी जाऊन तुळशीपाशी उभी राहिले. त्यानं बॅट खाली टाकली आणि येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"अरे, कोयनेची गाडी सुटली रे!" एक जण ओरडला, आणि सगळे खो खो हसले. त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं मान खाली घातली, पण हलला नाही.

सुरुंग उडाला. घराघरांतले डबे खणखणले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "झालं. जा खेळायला."

"थांब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मागून दुसरा येतो का बघू दे."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.